नगराध्यक्षपदाचे उमेदवार एका मंचावर बसवायचेत? आधी तो कागद करा

गावातल्या लोकांनी नगराध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावून गुन्हेगारी, शाळा आणि विकास या तीन विषयांवर जाहीरपणे विचारायचं ठरवलं, की पहिली बैठक हॉल कुठला आणि चहा कुणाकडे यातच संपते. ते नंतर बघा, त्याला अर्धा दिवस पुरतो. आधी अखत्यारीचा कागद करा, म्हणजे कोणतं काम कोणाच्या हातात हे लिहिलेला. गेल्या वेळी आमच्याकडून नेमका तोच राहिला. अडचणीचा प्रश्न आला की उमेदवार "ते आमच्या हातात नाही" म्हणत होते, आणि ते खरं की खोटं हे सभेतल्या एकालाही सांगता आलं नाही.

ही यादी नगरपरिषदांच्या गावांसाठी आहे. महापालिकेत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, तिथे लोक त्याला थेट मत देत नाहीत. नगरपरिषदेत २०१६ ला थेट निवड आली, २०२० ला रद्द झाली आणि २०२२ ला परत आली. आता मतदार प्रभागातल्या सदस्यांबरोबर नगराध्यक्षाला वेगळं मत देतो, म्हणून या माणसाला वेगळा जाब विचारायचा.

कागद असा करा. फुलस्केप आडवा धरून तीन रकाने आखा. पहिल्यात प्रश्न, लोक बोलतात त्याच शब्दांत. दुसऱ्यात त्यावरचा निर्णय कोणाचा, शेवटची सही कोणाची. तिसऱ्यात नगराध्यक्ष त्या बाबतीत स्वतः काय करू शकतो. खरी मेहनत तिसऱ्या रकान्याला लागते. तो रिकामा राहिला तर कागद उमेदवारालाच सुटकेची वाट दाखवतो.

उदाहरण गस्तीचं घ्या. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. रात्रीची गस्त वाढवा असा हुकूम नगराध्यक्ष काढू शकत नाही, त्यामुळे उमेदवाराचं "पोलीस माझ्या हातात नाहीत" हे वाक्य खरंच असतं. पण ज्या गल्लीत चेन ओढली जाते तिथला बंद दिवा नगरपरिषदेचा असतो. बाभळी माजलेला मोकळा भूखंड साफ करून घेणं, दार मोडलेलं सार्वजनिक शौचालय दुरुस्त करणं, कॅमेऱ्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात तरतूद ठेवणं, ही नगरपरिषदेची कामं. कॅमेरे पुष्कळदा जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून बसतात आणि वर्षभरात बंद पडतात, कारण देखभाल कुणी करायची हे ठरलेलंच नसतं. तिसऱ्या रकान्यात हे सगळं आलं पाहिजे. बारचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. पण शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती टपरी नगरपरिषदेच्या जागेवर उभी असेल तर ती हलवायला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

रस्त्यांचंही तसंच. गावातून जाणारा मुख्य रस्ता राज्यमार्ग असेल तर तो बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, त्याच्या खड्ड्यांवरून नगराध्यक्षाला धारेवर धरलं तर पाच मिनिटं वाया. पाणीही सगळीकडे नगरपरिषदेचं नसतं. अंबरनाथ, बदलापूरला ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. तुमच्या गावात कोण देतं ते बिलावर छापलेलं असतं, बघून लिहा. वीस-पंचवीस ओळी झाल्या की पुरे. मग तो कागद नगरपरिषदेतून निवृत्त झालेल्या कुणा लिपिकाला किंवा अभियंत्याला दाखवा, शाळेच्या ओळी एखाद्या मुख्याध्यापकाला दाखवा. घरबसल्या अंदाजाने भरू नका. एक ओळ चुकली की उमेदवार तीच धरून बाकीचा सगळा कागद खोटा ठरवतो.

आता वेळेचं गणित. यातही लोक दरवेळी अडकतात. २०२५ ची नगरपरिषद निवडणूक ४ नोव्हेंबरला जाहीर झाली, मतदान २ डिसेंबरला ठेवलं. मधले दिवस २८. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची. घोषणेच्या दिवशी अर्ज टाकलात तरी उत्तर मतदानानंतर येणार. म्हणून अर्ज निवडणुकीची नुसती कुणकुण लागली की टाकायचे, तीन-चार महिने आधी. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. माहिती अधिकाऱ्याचा हुद्दा नीट लिहा आणि एका अर्जात एकच विषय ठेवा.

पोलिसांकडचा अर्ज जपून लिहा. कलमांनुसार आकडे मागू नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले. साधी चोरी आधी ३७९ होती, आता ३०३. हिसकावून नेणं हा ३०४ मध्ये स्वतंत्र गुन्हा झाला, जो आधी चोरीत किंवा जबरी चोरीत मोजला जायचा. घरफोडी ३३१ मध्ये गेली. जुनी-नवी कलमं शेजारी ठेवून वर्षांची तुलना केली तर चोऱ्या घटल्याचा किंवा वाढल्याचा भलताच निष्कर्ष निघतो. गुन्ह्याच्या प्रकारानुसार मागा: घरफोडी, दुचाकी चोरी, चेन ओढणे, मारामारी. महिन्यानुसार, तीन वर्षांचे, दाखल किती आणि उघडकीस किती. शिवाय पोलीस ठाण्याची हद्द आणि नगरपरिषदेची हद्द एक नसते. ठाण्यात आजूबाजूची खेडी येतात. म्हणून बीटनिहाय, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या छोट्या भागांनुसार मागा, नाहीतर शेजारच्या गावातली बैल चोरी तुमच्या शहराच्या खात्यात पडते. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबर अहवाल (एफआयआर) पाहायला मिळतात, संवेदनशील गुन्हे वगळून. अर्जाचं उत्तर येईपर्यंत तिथून सुरुवात करा. आणि एक सावधगिरी: नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं धरून चालू नका. तक्रार घेतली जाऊ लागली की आकडा चढतोच.

दिव्यांची नोंद मात्र स्वतः करा, तिला अर्ज लागत नाही. रात्री आठनंतर दोघांनी वही घेऊन फिरायचं. खांबाचा क्रमांक, दिवा चालू की बंद की लुकलुकतो, खांबाखाली काय आहे: बसथांबा, शाळेची मागची भिंत, देशीचं दुकान. क्रमांक पुसलेला असेल तर जवळच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहा. एका प्रभागाला दोन रात्री लागतात. "आमच्याकडे अंधार आहे" याला उमेदवार मान हलवून पुढे जातो. "शाळेमागच्या भिंतीलगत सलग सहा खांब बंद" याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

शाळांसाठी पहिला प्रश्न: गावातली प्राथमिक शाळा कोणाची? काही नगरपरिषदा स्वतः शाळा चालवतात, काही गावांत शहराच्या मधोमध असलेली शाळा जिल्हा परिषदेची असते, बाकीच्या खासगी अनुदानित. हे अखत्यारीच्या कागदावर शाळेचं नाव घालून लिहा, प्रत्येक शाळेची ओळ वेगळी. शिक्षक भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते, नगराध्यक्ष ती करू शकत नाही. पण नगरपरिषदेच्या शाळेचं छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, त्यात पाणी, कुंपणभिंत, रखवालदार, हे तिच्याच पैशातून होतं. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, प्रत्येक शाळेचा अकरा आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं कळतात. आकडे घेऊन शाळेत जा आणि डोळ्यांनी ताडून बघा. नोंदीत स्वच्छतागृह चालू असतं आणि प्रत्यक्षात दाराला कुलूप असतं, हे सर्रास सापडतं. प्रमाणही माहीत हवं: शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५ मागे एक. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत. त्यातल्या दोन आयांना प्रश्न तयार करायला बोलवा. शाळेत रोज काय होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कर दिसतो आणि सभेत कुणीतरी हमखास उठून विचारतं, हा पैसा कुठे गेला? हा उपकर नगरपरिषद गोळा करते आणि राज्याला भरते. ही ओळही कागदावर घाला.

विकास हा शब्द मोघम आहे, त्यावर मोघम प्रश्न विचारला की मोघम भाषण मिळतं. दोनच कागद काढा: चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि शहराचा विकास आराखडा. अंदाजपत्रकात गेल्या वर्षी तरतूद किती आणि खर्च किती, हे पाणी, रस्ते, दिवाबत्ती, शाळा या चार शीर्षांपुरतं शेजारी लिहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग लहान शहरांना पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यामुळे "आयोगाच्या पैशातून रस्ते करू" म्हणणाऱ्याला कुठल्या भागातून, ते विचारा. आराखड्यात शाळा आणि क्रीडांगणाची आरक्षणं, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागा, शोधा. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीनमालकाने खरेदीची नोटीस दिली, की २४ महिन्यांत जागा ताब्यात घेण्याची पावलं उचलावी लागतात, नाहीतर आरक्षण उठतं. मैदानं अशीच जातात, कुणाला पत्ता न लागता. किती जागांवर अशा नोटिसा आल्या आहेत, याचा वेगळा अर्ज टाका. उत्तर आलं तर सभेतला सगळ्यात वजनदार प्रश्न तोच असेल.

आणखी एक प्रश्न प्रत्येक उमेदवाराला सारखाच विचारायचा: तुम्ही निवडून आलात आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं आलं, तर अंदाजपत्रक कसं मंजूर करून घ्याल? थेट निवडणुकीत हे नेहमी घडतं आणि मग वर्षभर सभा तहकूब होत राहतात.

उमेदवारांना निमंत्रण चिन्हवाटपानंतर लगेच, सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं, पोच घेऊन. २०२५ ला चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला होतं, म्हणजे हातात मोजक्याच संध्याकाळी. हॉल दोन तारखांना धरून ठेवा. अपक्षांना वगळू नका. निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाणे, दोघांची लेखी परवानगी घ्या, ध्वनिक्षेपकाची वेगळी. रात्री दहाला आवाज बंद. नगरपरिषदेची किंवा शाळेची जागा टाळा, मंगल कार्यालय बरं. झेंडे, फलक, उपरणी आत नकोत, आणि कुणा उमेदवाराकडून चहाचेही पैसे घेऊ नका. नाहीतर तो खर्च त्याच्या हिशोबात धरला जातो आणि सभा त्याची होते. उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक कार्यालयात लावलेली असतात. मालमत्ता आणि दाखल गुन्हे उतरवून घ्या, आणि सूत्रसंचालकाकडे द्या.

प्रश्न चिठ्ठीवर, तीन रंगांचे कागद, एका विषयाला एक. चिठ्ठ्या येतील तशा तिघांनी अखत्यारीच्या कागदाशी लावून बघायच्या. प्रश्न दुसऱ्या खात्याचा असेल तर तिसऱ्या रकान्यातून त्याला वळण द्यायचं. "चोऱ्या कधी थांबतील" असं लिहून आलं, तर विचारायचं "हे सहा दिवे किती दिवसांत लावाल". हेच काम कागदाशिवाय होत नाही, म्हणून पुन्हा सांगते: चिठ्ठ्या निवडणाऱ्या तिघांकडे, सूत्रसंचालकाकडे आणि माईक फिरवणाऱ्यांकडे, प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत हवी. एकच प्रत मंचावर ठेवली तर ती कुणाच्या तरी पाण्याच्या ग्लासाखाली सापडते.

माईक मंचावर दोन, लोकांत दोन. लोकांतला माईक स्वयंसेवकाने हातात धरूनच ठेवायचा, सोडायचा नाही. उत्तराला दीड मिनिट, मग घंटा. बोलण्याचा क्रम चिठ्ठी टाकून. पुढच्या दोन रांगा कार्यकर्त्यांनी धरू नयेत म्हणून अर्धा तास आधी तिथे आयांना आणि ज्येष्ठांना बसवा. सूत्रसंचालक गावाबाहेरचा असला तर उत्तम. विजेची सोय. ध्वनिमुद्रण दोन फोनवर.

सभा संपली की त्याच रात्री प्रत्येकाची मुदतीसकट दिलेली आश्वासनं टाइप करा, सकाळी उमेदवारांना पाठवा, दुरुस्ती सांगायला एक दिवस द्या, मग गटांवर टाका. निवडून आलेल्याला सहा महिन्यांनी तीच यादी. आणि अखत्यारीचा कागद जपून ठेवा, नगरसेवकांच्या सभेला तोच लागतो, फक्त तिसऱ्या रकान्याचं शीर्षक बदलायचं.