लहानपणीचा व्हिडिओ गेम परत घ्यायचाय? आधी यादी करा

मे महिना जवळ आला की मला सेलू, लातूर, परळीकडच्या मित्रांचे फोन येतात. प्रश्न एकच असतो. "ते छोटे व्हिडिओ गेम निघालेत म्हणे, आपल्या लहानपणीचे. लेकरं सुट्टीत घरी असतात, घ्यावेत का?" मी या यंत्रांवर पैसे घालवले आहेत, काही ठिकाणी फसलोही आहे, आणि माझा या खेळांवर मनापासून जीव आहे. म्हणून फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगतो ते इथं नीट सांगतो.

मिनी रेट्रो कन्सोल म्हणजे जुन्या गेमच्या डब्याची तळहाताएवढी प्रतिकृती. आत कॅसेट घालायची नसते, ठरावीक गेम आधीच भरलेले असतात. एचडीएमआय केबल टीव्हीला लावायची, मोबाईलच्या चार्जरवर चालू करायचं आणि खेळायचं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं २०१६ मध्ये ३० गेमचा एनईएस क्लासिक काढला, २०१७ मध्ये २१ गेमचा सुपर निन्टेन्डो. २०१८ मध्ये सोनीचा २० गेमचा प्लेस्टेशन क्लासिक आला आणि २०१९ मध्ये सेगाचा ४२ गेमचा मेगा ड्राईव्ह मिनी. बाजारात दुसरा वर्ग आहे तो टीव्हीला खोचायच्या स्वस्त स्टिकांचा आणि हातात धरून खेळायच्या डब्यांचा. त्यांवर '४०० गेम', '१०,००० गेम' असं छापलेलं असतं. दोन्हींचं गणित वेगळं आहे.

पायरी १ : कागद घ्या आणि तुमचे गेम लिहा

ही पायरी सगळे टाळतात आणि पैसे इथंच वाया जातात. 'लहानपणीचे गेम' असं मोघम लिहू नका, नावं लिहा. नाव आठवत नसेल तर काय दिसायचं ते लिहा.

माझी यादी परभणीतली आहे, नव्वदच्या दशकातली. आमच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर दोन टीव्ही मांडलेले असायचे, अर्ध्या तासाला दोन रुपये. पिवळी कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. कॉन्ट्रा, मारिओ, टँक, रोड फायटर आणि बंदुकीनं बदकं मारायचा गेम. पुढं कॉलेजला असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांची यादी याच्या आसपासच निघेल.

आता ही यादी एनईएस क्लासिकच्या ३० गेमशी ताडून बघा. मारिओचे पहिले तिन्ही भाग आहेत. पॅकमॅन, डाँकी काँग, आईस क्लाइंबर, बलून फाईट, एक्साईटबाईक हेही आहेत. पण कॉन्ट्रा नाही! त्याचा दुसरा भाग, सुपर सी, तेवढा आहे. आपण ज्याला टँक म्हणायचो तो नॅमकोचा १९८५ चा बॅटल सिटी, तो नाही. रोड फायटर नाही. बदकंही नाहीत.

असं का, ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. मूळ यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम, ते १९८३ मध्ये जपानात आलं, अमेरिकेत तेच एनईएस या नावानं विकलं गेलं. आपल्या गल्लीत पोचले ते बहुतेक त्याच्या नकला करणारे डबे, लिटल मास्टरसारख्या नावांचे, आणि त्यांच्या कॅसेटमध्ये जपानी बाजारातले गेम सर्रास भरलेले असायचे. टँक आणि रोड फायटर अमेरिकेतल्या निन्टेन्डोवर कधी विकलेच गेले नाहीत. आता मिळणारा अधिकृत मिनी अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या मुलांच्या आठवणींवर बेतलेला आहे. परभणीच्या ओसरीवरच्या टीव्हीवर जे चालायचं ते त्यात पुरतं सापडणार नाही. ही गोष्ट मला यंत्र विकत घेऊन कळली. तुम्हाला ती कागदावरच कळावी.

बदकांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक सर्वात हट्टानं तोच गेम मागतात. त्या बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्याच्या उजेडाची धडधडही वेगळी. म्हणून जुनी बंदूक नव्या टीव्हीवर आंधळी होते. 'गन फ्री' म्हणून काही विकत असतील तर आधी दुकानात एलईडीवर बदक पाडून दाखवायला सांगा.

पायरी २ : घेण्याआधी खेळून बघा

आठवण गोड असली तरी गेम आज तितका गोड लागेलच असं नाही. घरातल्या लॅपटॉपला एचडीएमआय केबलनं टीव्ही जोडा आणि साधा यूएसबी कंट्रोलर, म्हणजे खेळायचा रिमोट, लावा. स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानात कोनामी कंपनीचा कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन मिळतो, त्यात आपला तो जुना कॉन्ट्रा आहे. नॅमको म्युझियम अर्काईव्ह्ज नावाच्या संचाच्या दुसऱ्या भागात बॅटल सिटी आहे. दोन्ही रीतसर, परवानगीचे. हे जुने गेम चालवायला भारी लॅपटॉप लागत नाही, आणि सेलमध्ये किंमती खूप उतरतात.

माझ्याकडे हे लावलं त्या दिवशी माझी बोटं आपोआप फिरली. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. कॉन्ट्रात तीस लाईफ देणारी ती गुपित बटणं! पंचवीस वर्षांत एकदाही न आठवलेली गोष्ट अंगठ्यांना पाठ होती. पण माझ्या भाच्यानं दहा मिनिटांत विचारलं, "मामा, ह्यात सेव्ह कुठं करायचं?" मूळ गेममध्ये तशी सोय नव्हती म्हटल्यावर त्यानं रिमोट खाली ठेवला. टँक मात्र त्याला सोडवेना, कारण त्यात दोघांनी मिळून गरुड वाचवायचा असतो. तुमच्या घरी काय होईल ते या एका संध्याकाळी कळतं. दोन आठवड्यांत लॅपटॉप परत कामाला लागला आणि कुणी गेम मागितला नाही, तर मिनी घेऊ नका.

माळ्यावर जुना डबा असेल तर तोही उतरवा. कॅसेटच्या पट्ट्यांवर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्यानं त्यांना गंज चढतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. तडकलेला किंवा फुगलेला ॲडॉप्टर लावू नका, त्याच व्होल्टचा नवा आणा.

पायरी ३ : अस्सल मिनी कुणी घ्यावा

ज्याच्या यादीत मारिओ, झेल्डा, डाँकी काँग यांसारखी नावं भरपूर आहेत, किंवा ज्याला संग्रहाची आवड आहे, त्यानं. हे डबे फार निगुतीनं बनवलेले आहेत. एनईएस क्लासिकमध्ये प्रत्येक गेमला चार ठिकाणी खेळ थांबवून ठेवता येतो, लहान मुलांना याचाच मोठा आधार वाटतो. सेगाचा मिनी तर मला सर्वात जास्त आवडला, पण आपल्याकडं सेगा खेळलेली माणसं मोजकी.

प्लेस्टेशन क्लासिक टेकन ३ साठी घेणार असाल तर थांबा. त्यातला टेकन ३ युरोपातल्या आवृत्तीचा आहे. तो सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रांच्या चालीनं चालतो, म्हणून पार्लरमध्ये हात बसलेल्या माणसाला जड वाटतो. २० पैकी ९ गेम असे युरोपीय आवृत्तीचे आहेत. ९९.९९ डॉलरला आलेलं हे यंत्र काही महिन्यांतच निम्म्याहून कमी किमतीला विकलं जाऊ लागलं, त्याचं हे एक कारण.

निन्टेन्डोच्या दोन्ही मिनींचं उत्पादन थांबलं आहे. आता मिळतात ते जुन्या साठ्यातले किंवा वापरलेले, मूळ ६० आणि ८० डॉलरच्या किमतीवर बरीच चढी रक्कम लावून. बाहेरून मागवलं तर कस्टमचा खर्च वेगळा, आणि वॉरंटी कुणी देत नाही. माझं मत स्पष्ट आहे : निव्वळ लेकरांच्या सुट्टीसाठी एवढा पैसा घालू नये.

तरी घेणार असाल तर नक्कल अशी ओळखा. अस्सल डब्याच्या मागं फक्त एचडीएमआय आणि जुन्या मोबाईलसारखं छोटं यूएसबी छिद्र असतं. पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिना दिसल्या की तो नकली. गेमची संख्या ६२० वगैरे लिहिलेली असेल तरी नकली, कारण निन्टेन्डोच्या अस्सल डब्यात ३० च्या वर गेम नाहीत.

पायरी ४ : स्टिक घ्यायचीच असेल तर दुकानात हे करा

संभाजीनगरच्या पैठण गेटला मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत मी स्टिक घेतली. दुकानदार म्हणाला, "दादा, दहा हजार गेम हायेत. पोराच्या लग्नापर्यंत पुरतील." मी तपासलं नाही. घरी येऊन बघतो तर मारिओच कितीतरी वेळा, कधी दुसऱ्या रंगात, कधी नुसतं नाव बदलून. तीन महिन्यांत मेमरी कार्डानं मान टाकली आणि सगळंच गेलं.

म्हणून पाकिटावरचा आकडा बघू नका. "लावून दाखवा" म्हणा आणि कागदावरचे पाच गेम शोधून उघडा. यादीत मधूनच कुठंही थांबून तीन-चार गेम चालू करा. दोन्ही रिमोट एकदम वापरून बघा, स्वस्त बिनतारी रिमोट दुसरा खेळाडू आला की अडखळतात. आवाज फुटतो का ऐका. प्लेस्टेशनचा एखादा गेम लावा, कमी ताकदीची स्टिक तिथं लगेच दम टाकते. '४के' या शब्दाला जास्त पैसे देऊ नका, फॅमिकॉमच्या मूळ गेमचं चित्रच २५६ बाय २४० ठिपक्यांचं आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्या कार्डाची संपूर्ण प्रत संगणकावर काढून ठेवा आणि चांगल्या कंपनीच्या नव्या कार्डावर ती उतरवा. सोबत आलेल्या कार्डावर भरवसा ठेवू नका.

हातात धरून खेळायचे ४०० गेमचे स्वस्त डबे त्यांच्या किमतीत बरे आहेत. अनेकांत जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते, ती तालुक्याच्या गावीही मिळते. आणि लोडशेडिंगच्या दुपारी टीव्ही, इन्व्हर्टर काही लागत नाही. पडदा मात्र लहान, लेकराला तासन्तास देऊ नका.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. या स्टिकांमधल्या गेमना मूळ कंपन्यांची परवानगी नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात संरक्षण ६० वर्षांचं आहे, त्यामुळं १९८५ चा गेम आजही कुणाच्या तरी हक्काचाच आहे. ज्यांनी तो घडवला त्यांना स्टिकच्या पैशातला एक रुपयाही जात नाही. मला हे टोचलं म्हणून दुसरी स्टिक घेतली नाही, कॉन्ट्रा आणि टँक रीतसर विकत घेतले.

पायरी ५ : टीव्ही नीट लावा

अनेकजण यंत्र खराब म्हणून परत करतात तेव्हा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडतो. पिक्चरच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, फरक लगेच कळेल. चित्र ४:३ वर ठेवा, पूर्ण पडद्यावर ताणलं तर मारिओ बुटका आणि फुगलेला दिसतो. मिनी किंवा स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर मध्येच बंद पडत असेल तर मोबाईलचा चार्जर लावा.

एनईएस क्लासिकची रिमोटची वायर जेमतेम अडीच फूट आहे. म्हणजे टीव्हीसमोर जमिनीवर सतरंजी टाकून बसावं लागतं. आम्ही ओसरीवर तसेच बसायचो, पण मुलांच्या डोळ्यांसाठी वायर वाढवायची जोडणी घ्या, ती वेगळी मिळते.

शाळा सुरू झाली की यंत्र कपाटात जाणार. बिनतारी रिमोटमधले सेल आधी काढा. आमच्याकडं ते आतच राहिले होते. पुढच्या मे महिन्यात भाच्यानं झाकण उघडलं तेव्हा स्प्रिंगवर हिरवट-पांढरं कीट चढलेलं होतं, आणि लिंबाचा रस लावलेल्या कापसाच्या काडीनं ते खरवडण्यात आमची सुट्टीची पहिली संध्याकाळ गेली.