संगणकावर १६९.२५४ दिसतंय? पत्ता कुठे अडलाय ते असं शोधा

लाईट जाऊन परत येते. राउटरचे दिवे लागतात, फोनवर नेट सुरू होतं, पण टेबलावरच्या संगणकावर एकही पान उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण राउटर तीनदा बंद-चालू करतात, मग ब्रॉडबँडवाल्याला फोन लावतात आणि दोन दिवस वाट बघतात. त्याआधी फक्त एक आकडा पाहा. बिघाड कुठे शोधायचा आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे तो आकडाच सांगतो.

आधी आकडा

विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी टाइप करा आणि एंटर दाबा. उघडलेल्या काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑल. एंटर दाबल्यावर बरीच मोठी यादी येईल, तिला घाबरू नका. वायरीने जोडलं असेल तर इथरनेटचा भाग बघा, नाहीतर वायफायचा. त्यात आयपीव्ही४ ॲड्रेस (नेटवर्कवरचा तुमच्या संगणकाचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटरचा पत्ता), डीएचसीपी एनेबल्ड आणि डीएचसीपी सर्व्हर एवढ्या चारच ओळी आपल्या कामाच्या.

घरात पत्ते वाटायचं काम राउटर करतो. त्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. संगणक सुरू झाला की तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, ‘मला कोणी पत्ता देतं का?’ राउटर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो, राउटर ‘दिला’ म्हणतो. हे चार निरोप झाले की पत्ता ठरावीक मुदतीसाठी तुमचा. अर्धी मुदत उलटली की संगणक स्वतःच ती वाढवून मागतो.

हाकेला कोणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देते. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. पण असा पत्ता त्याच वायरीवरच्या यंत्रांपुरताच चालतो, त्यावरून घराबाहेर जाता येत नाही. गेटवेची ओळही रिकामी दिसेल.

म्हणून, १६९.२५४ दिसलं तर बिघाड संगणकापासून राउटरपर्यंतच कुठेतरी आहे. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता आणि त्याच्याशी जुळणारा गेटवे दिसला, तर पत्ता मिळालेला आहे. अडचण बहुधा राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये किंवा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणाऱ्या सोयीत). तेव्हा ब्रॉडबँडवाल्याला फोन करणं बरोबर.

पुन्हा मागून बघा

लाईट आल्यावर संगणक अर्ध्या मिनिटात उठतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. हाक दिली तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच कारण असू शकतं. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहते, पण वाट बघायची गरज नाही. आयपीकॉन्फिगपुढे तिरकी रेघ आणि रिलीज, एंटर. मग तसंच रिन्यू, एंटर. पत्ता आला तर काम झालं. डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही असा निरोप आला, तर पुढे चला.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफाय, डिटेल्स आणि टीसीपी/आयपी. तिथे रिन्यू डीएचसीपी लीजचं बटण आहे.

वायर हाताने तपासा

माझ्या मावशीकडे हा घोळ दर आठवड्याला व्हायचा. सेटिंग बघण्यात माझा अख्खा रविवार गेला. शेवटी संगणकाच्या मागे हात घातला, तर लॅनच्या (संगणक राउटरला जोडणाऱ्या) वायरीच्या पिनेची प्लास्टिकची खिटी तुटलेली. पिन खाचेत दिसत होती, पण केर काढताना टेबल जरा सरकलं की केसभर मागे यायची. खिटी नीट असेल तर पिन बसताना ‘टक्’ आवाज येतो आणि खाचेजवळचा दिवा लागतो. दिवा नसेल तर वायर बदलून बघा.

वायर राउटरच्या कोणत्या खाचेत आहे तेही पाहा. लॅन लिहिलेल्या खाचांतूनच पत्ता मिळतो. वेगळ्या रंगाची, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेली खाच बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असते. साफसफाईनंतर वायरींची अदलाबदल सहज होते.

कोणी पत्ता हाताने तर भरला नाही ना?

डीएचसीपी एनेबल्डपुढे ‘नो’ असेल, तर पत्ता कोणीतरी हाताने भरलेला आहे. ऑफिसातून घरी आणलेल्या लॅपटॉपवर हे आढळतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून इथरनेट किंवा वायफायचे तपशील उघडा आणि आयपी असाइनमेंट एडिट करून ऑटोमॅटिक करा. तिथे आधीच ऑटोमॅटिक असेल तर सर्व्हिसेस उघडून डीएचसीपी क्लायंट चालू आहे ना, एवढं बघा.

घरात दोन राउटर असतील तर

हे दुखणं मी सगळ्यात जास्त घरांत पाहिलंय, आणि इथे १६९.२५४ दिसत नाही. फायबर घेतल्यावर जुना राउटर वाया जाऊ नये म्हणून आपण तो वरच्या मजल्यावर लावतो, लॅनच्या खाचेतून लॅनच्या खाचेत वायर टाकून. आता पत्ते वाटणारे दोघे झाले. नवा १९२.१६८.१ मधले वाटतो, जुना १९२.१६८.० मधले. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. जुन्याचा घेतला तर गेटवेही जुनाच मिळतो, आणि त्याला तर बाहेरची लाइनच नाही. म्हणून सकाळी नेट चालतं आणि संध्याकाळी चालत नाही. डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा, कोण उत्तर देतोय ते कळेल. ब्राउझरमध्ये जुन्या राउटरचा आकडा टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी बंद करा, आणि हा आकडा नवा राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही याची खात्री करा.

तरीही नाही?

त्याच वायरीला दुसरा लॅपटॉप लावून बघा. त्याला पत्ता मिळाला तर दोष तुमच्या संगणकाचा. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाका आणि शेवटचा उपाय म्हणून नेटवर्क रीसेट करा. वायफायचे पासवर्ड आधी लिहून ठेवा.

घरात कोणालाच पत्ता मिळत नसेल, तर राउटरमधलं डीएचसीपीच बंद झालेलं असू शकतं. ते चालू करायला राउटरचं पान उघडायला हवं, आणि पत्त्याशिवाय ते उघडत नाही. इथे काही मिनिटांपुरता पत्ता हाताने भरा. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ असेल, तर संगणकाला १९२.१६८.१.५० द्या आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. ब्राउझरमध्ये राउटरचा आकडा टाका, लॅनच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी चालू करून सेव्ह करा. मग लगेच संगणक परत ऑटोमॅटिकवर आणा. तो ५० तसाच राहिला आणि राउटरने तोच आकडा उद्या दुसऱ्या फोनला दिला, तर दोघांचंही नेट अडखळेल.