गुरुजींची पेन्शन आणि माझी: उतारवयात पैशांची बरोबरी कशी सोडावी

एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "पेन्शन किती बसली?" मी साताऱ्यात वाहतूक नियंत्रक होतो, २०१८ च्या अखेरीस निवृत्त झालो. माझी बसली तीन हजारांच्या आतबाहेर. ऐकणारा चुकचुकतो आणि पुढे जातो. ती चुकचुक मात्र आपल्याबरोबर घरी येते.

घरी आलं की भिंतीला भिंत लागून गुरुजी. जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. त्यांची पेन्शन माझ्या पंधरापट. नोकरी दोघांची तेहतीस-तेहतीस वर्षं आणि दूध एकाच गवळ्याचं. मनात काय येत असेल ते सांगायला नको.

चाळिशीत शेजाऱ्याचा पगार जास्त असला तरी माणूस म्हणतो, बघू, अजून वर्षं आहेत. साठीनंतर आकडे गोठतात, म्हणून बरोबरी जास्त बोचते. "मनाला लावून घेऊ नका" या सल्ल्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. झाला तो हिशेबाचा. तो कसा मांडायचा ते सांगतो.

फरक कुठून आला ते आधी कागदावर काढा

गुरुजी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेले, म्हणून त्यांना जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, आणि तो वाढत जातो. आम्ही महामंडळाचे, आम्हाला ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरची १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. त्याचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वर्षं धरायची १६ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याआधीच्या नोकरीचे किरकोळ पैसे वेगळे मिळतात. पगार प्रत्यक्षात कितीही असो, ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीला ६,५०० आणि त्यापुढच्या नोकरीला १५,००० रुपये हीच कमाल मर्यादा.

आता माझंच गणित करा. पहिली जवळजवळ १९ वर्षं गुणिले ६,५००, भागिले ७०, म्हणजे साधारण १,७५०. पुढची चार वर्षं १५,००० च्या दराने, म्हणजे ८५७. वर जुन्या नोकरीचं थोडं. झाले तीन हजारांच्या आसपास. पेन्शनच्या खात्यात माझ्या नावाने जात किती होते? ६,५०० ची मर्यादा होती तेव्हा महिन्याला ५४१ रुपये, १५,००० ची झाल्यावर १,२५०. महागाई भत्ता नाहीच. बसली ती बसली.

या सगळ्यात माझी हुशारी किंवा आळस कुठे येतो ते मी शोधलं. कुठेच येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फलाटावर उभा राहिलो म्हणून सूत्रात रुपया वाढला नाही, आणि गुरुजींनी शाळेत फार दिवे लावले म्हणून त्यांचीही वाढली नाही. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं आहे. हसले.) शिवाय गुरुजींचा धाकटा मुलगाही शिक्षक, पण २००५ नंतर लागलेला. त्याला बापाची पेन्शन नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या संपात तो होता. म्हणजे मी भिंतीपलीकडे बघून जळत होतो तीच बरोबरी भिंतीपलीकडे एकाच घरात चालू होती.

नियम अन्यायाचा वाटत असेल तर जरूर भांडा. ईपीएसची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे, ती ७,५०० करा म्हणून मोर्चे निघतात, मीही जातो. तो राग खरा आहे. तो मोर्चातच खर्च करावा, शेजाऱ्याच्या अंगणात सांडू नये.

"तेव्हा घेतलं असतं तर"

ही दुसरी बरोबरी जास्त चिवट. आमच्या मेहुण्यांनी १९९२ साली गोडोलीत जागा घेतली, आज तिचा भाव ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात. "तुम्हालाही तेव्हा सांगितलं होतं," असं ते दर गणपतीला म्हणतात.

असं कुणी म्हणालं की त्या सालचं पगारपत्रक काढा. नसेल तर आठवून लिहा: हातात किती येत होतं, कुणाचं लग्न अंगावर होतं, पतपेढीचा हप्ता किती, घरात खाणारी तोंडं किती. माझ्या कागदावर त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. जागेचे पैसे नव्हतेच, तर ते चुकले कसे म्हणायचे? आणि ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांच्यातले कितीतरी शहाणे लोक तेव्हा पोस्टातली इंदिरा विकास पत्रं घेत होते. पाच वर्षांत दामदुप्पट मिळत असताना माळरानावरचा गुंठा कोण बघतो? आजचा भाव घेऊन १९९२ मध्ये जाता येत नाही. हे मेहुण्यांना सांगायच्या भानगडीत मी पडत नाही, मोदक गार होतात.

पुरतं का, एवढंच बघा

तीन महिने खर्च लिहा. वही साधी असू दे, पण लिहा रोज. किराणा, दूध, लाईट, गॅस, औषधं, आहेर, नातवंडं. मग येणारे पैसे. माझे बारा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. पहिली पाच वर्षं ८.७ टक्के होते, मुदत संपल्यावर पुन्हा ठेवले ते ८.२ ने. दर तिमाहीला २४,६०० येतात, म्हणजे महिन्याला ८,२००. पेन्शन धरून अकरा हजार दोनशे. घर स्वतःचं, माणसं दोन. औषधांचे मुलगा बघतो. पुरतं, दिवाळीच्या महिन्यात ओढाताण होते.

या योजनेत पैसे ठेवायची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख झाली तेव्हा कट्ट्यावर आठवडाभर तोच विषय होता. माझ्याकडे बाराच आहेत, मला त्या मर्यादेचं काय?

वहीतून "पुरत नाही" असं निघालं, तर ती बरोबरी नव्हे, ती अडचण आहे. तिला मन घट्ट करण्याचं औषध लावू नका. मुलांशी बोला, मोठं घर असेल तर एक खोली भाड्याने द्या, सत्तरी उलटली असेल तर पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या.

आणि एक सांगतो, "आपल्यापेक्षा खालच्याकडे बघावं" हा सल्ला मला आवडत नाही. आमच्या डेपोतल्या एका सफाई कामगाराची पेन्शन दीड हजार आहे. त्याच्या दीड हजारांवर मी समाधान मिळवायचं? तीही बरोबरीच, फक्त मान खाली वळवून केलेली.

माणसांत वागताना

कट्ट्यावर कुणी आकडा विचारला तर "बसली तेवढी पुरते" म्हणायचं आणि लगेच त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची. गुडघा कुणीही सोडत नाही. परदेशी सहलींचे फोटो येणारा व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूट केला आहे, सोडला नाही. सोडला की फोन येतात.

आहेराचा आकडा एकदाच ठरवा. आमच्याकडे नात्यात ५०१, भाचरांना जास्त. समोरच्याने आपल्याला किती घातले होते त्याची जुनी यादी सौ. काढायच्या. आता यादी वर माळ्यावर आहे.

व्याह्यांचं मात्र अवघड. नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी गियरची सायकल आणली, आम्ही शर्ट-पँट. सौ.ना दोन रात्री झोप नाही. यावर माझ्याकडे हुकमी तोडगा नाही. आम्ही एवढंच केलं की वाढदिवसाला त्यांच्याशी भिडायचं सोडलं आणि मे महिना आपला घेतला. नातू येतो, त्याला एसटीने ठोसेघर, कास दाखवतो. मला पासष्टीची अर्धी तिकीट सवलत, सौ.ना २०२३ पासून महिलांची. तो ड्रायव्हरच्या मागची सीट सोडत नाही.

गुरुजींना विचारा

ज्याच्याकडे जास्त आहे त्याला पैशाच्या कागदांचं कळतंही बऱ्याचदा जास्त. ते विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. व्याजातून कर कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा तो १५एच फॉर्म, माझा पहिला गुरुजींनी भरून दिला. तेव्हा ज्येष्ठांचं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कर, कापत. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा एक लाख झाली. माझं व्याज ९८,४००, म्हणजे फॉर्म न देताही चालेल. गुरुजी म्हणतात, तरी देऊन ठेवा, एखादी आरडी त्याच पोस्टात निघायची. देऊन ठेवला.