शेअर सर्टिफिकेट कोरीव छपाईचं आहे का, कसं ओळखाल?

अमेरिकन बँक नोट कंपनीनं (स्थापना १८५८) छापलेलं एखादं जुनं रेल्वेचं शेअर सर्टिफिकेट हाती आलं, की मी वरचं इंजिनाचं चित्र आधी बघतच नाही. कागद खिडकीशी तिरपा धरतो. कोरलेल्या पोलादी प्लेटवरून छापलेली शाई वर उचललेली दिसते, हलक्या बोटाला जाणवते. मग १० पटीचं भिंग. कंपनीच्या नावातल्या वळणदार अक्षरांची सावली बघा: रेघ मध्ये जाड, टोकाला केसाएवढी बारीक. सगळीकडे एकसारखे रंगीत ठिपके दिसले, तर ती आजची नक्कल. कडेच्या जाळीदार नक्षीत एकच रेघ पकडून डोळा फिरवा. यंत्रावर कोरलेली ती रेघ मध्येच तुटत नाही. सर्टिफिकेट रद्द करताना पाडलेली भोकं असली तरी बिघडत नाही. लॅमिनेशन मात्र कृपा करून नको!