साधी यंत्रे शिकवायला घेताना

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात आणि सहावीचं विज्ञान वाट्याला आलं, तर ‘साधी यंत्रे’ वाचून दाखवू नका. आमच्या नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातली मुलं द्राक्षछाटणीची कात्री बघत मोठी होतात. तरफ त्यांच्या हाताला ठाऊक असते, टेकू, भार, बल ही नावं तेवढी नसतात. ती मी शेवटी सांगते.

मुलांना कात्री, अडकित्ता, चिमटा घरून आणायला सांगायचं. कात्रीत टेकू मध्ये, अडकित्त्यात भार मध्ये, चिमट्यात बोटांचं बल मध्ये. अडकित्त्याबरोबर सुपारीही येते, म्हणून शेंगाच आणा असं आधीच बजावायचं. चिमट्याने जोर वाचत नाही, उलट जास्त लागतो. ‘मग वापरायचा कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच. उत्तर देऊ नका, चुलीवरची भाकरी आठवेपर्यंत थांबा.

मग तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. १५ च्या खुणेखाली पेन्सिल चिकटपट्टीने पक्की करा, नाहीतर ती घरंगळते. टेकूपासून ६ सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवली, तर दुसऱ्या बाजूला तसंच एक नाणं कुठे ठेवायचं? मुलं सरकवत सरकवत टेकूपासून १२ सेंटिमीटरवर पोहोचतात. सूत्र त्यानंतर फळ्यावर.

खरा वेळ उतरणीला द्या. ‘यंत्रामुळे काम कमी होतं’ हे वाक्य वर्गात हमखास येतं आणि ते चूक आहे. बल कमी लागतं, त्याबदल्यात अंतर वाढतं. मीटरभर फळीचं एक टोक २५ सेंटिमीटर उंच करा आणि पुस्तकांचा गठ्ठा ताणकाट्याने ओढायला लावा. हिशेबाने सरळ उचलण्याच्या चौथा हिस्सा बल पुरायला हवं, पण काटा बराच जास्त दाखवतो. इथे नवे शिक्षक गडबडतात आणि प्रयोग फसला म्हणून आवरून ठेवतात. आवरू नका. गठ्ठ्याखाली गोल पेन्सिली सरकवा, काटा खाली येतो. घर्षणाचा धडा आयताच मिळाला! ताणकाटा नसेल तर रबरबँड किती ताणला ते पट्टीने मोजा.

कप्पीचंही तसंच. विहिरीवरच्या एका स्थिर कप्पीने बल कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं म्हणून सोपं वाटतं. सरकती कप्पी जोडली की निम्मं बल पुरतं, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. तो दोर मुलांना मोजू द्या.

रचनांसाठी काड्यापेटीतल्या काड्या आणि त्या जोडायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब पुरते. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची ही युक्ती १९७० च्या दशकातली, अजून तिच्यापेक्षा स्वस्त काही मला सापडलेलं नाही. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग वर्ग घेऊन जवळच्या द्राक्षबागेत जायचं आणि मांडवाच्या कडेच्या खांबाला जमिनीपासून तिरका ताण का दिलाय ते शोधायला सांगायचं. गंगापूर धरणावर सहल निघालीच तर मातीचा बांध तळाशी एवढा रुंद का, हा प्रश्न बसमध्येच द्या.

एका तासिकेत यातलं काही नीट होत नाही. मुख्याध्यापकांकडून सलग दोन मागून घ्या, शक्यतो मधल्या सुट्टीआधीच्या. आवरायला सुट्टीतली पाच मिनिटं मिळतात.