लहानपणीच्या बंदुकीसारखीच कॉम्बिनेशन गन शोधताय? मग या चुका टाळा

वर .२२ ची रायफल, खाली .४१० नाहीतर २० गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तेवढी नळी जाड) शॉटगन, घोडा (हॅमर) एकच, आणि कुठली नळी उडवायची ते ठरवायला एक छोटंसं बटण. कॉम्बिनेशन गन म्हणजे हीच, एकाच बंदुकीत गोळीची रायफल आणि छर्ऱ्यांची शॉटगन. अमेरिकेत गावाकडे वाढलेल्या कितीतरी लोकांची पहिली बंदूक हीच होती. झाडावरची खार दिसली तर वरची नळी, पायाखालून ग्राउज (रानकोंबडीसारखा पक्षी) उडाला तर खालची, एवढा साधा हिशेब. मग कधीतरी ती विकली जाते, भावंडात वाटणी होते, घर बदलताना कुणाला तरी दिली जाते, आणि चाळिशी-पन्नाशीला आलं की ती परत हवीशी वाटायला लागते. मला ही ओढ अगदी पटते, कारण या बंदुकीची सर दुसऱ्या कशालाच नाही. पण नेमकी या ओढीमुळेच घाई होते आणि घाईत भलतीच बंदूक घरी येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपली बंदूक नक्की कोणती होती हेच न ठरवता शोधायला लागणं. "सॅव्हेज २४ हवीय" (सॅव्हेज ही बंदुकांची अमेरिकन कंपनी) एवढं म्हणून काहीच होत नाही. आधी स्टीव्हन्स कंपनीची .२२-.४१० होती, १९३० च्या दशकाच्या शेवटी आलेली, तीच १९५० मध्ये सॅव्हेज मॉडेल २४ झाली आणि पुढे जवळपास साठ वर्षं बनत राहिली, आणि या साठ वर्षांत तिच्यात इतके बदल झाले की दोन २४ शेजारी ठेवल्या तर एकाच घरातल्या वाटणार नाहीत. जुन्या बंदुकीत नळी निवडायचं बटण बॉडीच्या उजव्या बाजूला असतं, नंतरच्यात ते घोड्यावरच आलं. काहींच्या दोन्ही नळ्या पूर्ण लांबीभर एकमेकींना जोडलेल्या, काहींच्यात मधे फट आणि पुढे एक पट्टी. स्टीव्हन्सच्या बऱ्याच बंदुकांचा दस्ता टेनाइट नावाच्या प्लास्टिकचा होता, लाकडाचा नाही. २४सी म्हणजे कॅम्पिंगवाल्यांसाठीची आखूड, २० इंची नळ्यांची, दस्त्यात काडतुसं ठेवायची सोय असलेली. २४व्ही मध्ये वरची नळी सेंटरफायरची (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आदळते ती), .२२२, .२२३, .३०-३० अशी. २४एफ सिंथेटिक दस्त्याची, ती १२ गेजमध्येसुद्धा आली. म्हणजे तुमच्या आठवणीतली बंदूक यातली कुठलीही असू शकते आणि चुकीची घेतली की हातात धरताक्षणी कळतं, ही ती नाही.

मग ओळख पटवायची कशी? जुने फोटो काढा, मोठे करून बघा. चेहरे सोडा, बंदुकीची उजवी बाजू बघा, बटण दिसतंय का, नळ्यांच्या मधून पलीकडचं दिसतंय का. काका-मामांना फोन करा, मोठ्या भावाला विचारा. आणि एक गोष्ट लोक विसरतात, उरलेली काडतुसं. जुन्या हंटिंग जॅकेटच्या खिशात, गॅरेजमधल्या डब्यात एखादं तरी सापडतं. बोटाएवढं बारीक असेल तर .४१०, जाड आणि पिवळं असेल तर २० गेज. त्या एका काडतुसाने अर्धं कोडं सुटतं. आठवणीवर विसंबू नका, दहा वर्षांच्या मुलाला सात पौंडाची बंदूक तोफेएवढी वाटते आणि .४१० चा आवाजही २० गेजसारखाच आठवतो.

आणि हो, बाजारात शोधायच्या आधी मूळ बंदूकच कुठे गेली ते विचारून बघा. ज्याला विकली तो शेजारी, ज्याच्याकडे गेली तो चुलतभाऊ, बऱ्याचदा ती अजून तिथेच कपाटात पडून असते आणि कुणी विचारतच नाही म्हणून तशीच राहते. बदली बंदूक कितीही हुबेहूब असली तरी दस्त्यावरचा तो ओरखडा तिच्यात नसणार.

दुसरी चूक, नावाने सारखी म्हणजे वागायला सारखी असं समजणं. सॅव्हेजने २०१३ मध्ये मॉडेल ४२ आणली, .२२ एलआर किंवा .२२ मॅग्नम (.२२ काडतुसाचे दोन प्रकार) वर आणि .४१० खाली. हलकी आहे, आखूड आहे, काम चोख करते, पण दस्ता काळ्या सिंथेटिकचा आणि हातातला तोल वेगळा. इटलीची कियापा डबल बॅजर लाकडी दस्त्याची आहे, मधोमध घडी होते, पण तिला दोन चाप आहेत, बटण नाही, म्हणजे लहानपणी अंगठ्याला लागलेली सवय तिथे कामाची नाही. एम६ स्काउट ही तर सर्व्हायव्हल गन, तिला नेहमीसारखा चापच नाही, चारही बोटांनी दाबायची पट्टी आहे. वाईट यातली एकही नाही. तुम्हाला नातवाला खार मारायला शिकवायची असेल तर मी मॉडेल ४२ च घ्या म्हणेन, पार्ट मिळतात, नवी आहे, काळजी नाही. पण तुम्हाला तो लाकडाचा स्पर्श आणि घोडा ओढतानाची ती टिक हवी असेल तर जुनी २४ च शोधा आणि वेळ लागू द्या.

आता जी चूक जिवावर बेतू शकते ती. नळीवर काय कोरलंय ते न वाचता काडतूस घालणं. .२२ एलआर आणि .२२ मॅग्नम दिसायला भाऊ-भाऊ, पण मॅग्नमचं केस (काडतुसाचं बाहेरचं कवच) जाड आहे. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) एलआर सैल बसतं, उडतंसुद्धा, पण केस फाटतं आणि गरम गॅस मागे तोंडावर येतो. लहानपणी घरची बंदूक एलआर होती म्हणून ही पण एलआर असं धरून चालू नका. .४१० मध्ये अडीच इंची आणि तीन इंची असे दोन प्रकार, आणि तीन इंची काडतूस अडीच इंचाच्या चेंबरमध्ये घालताना आत जातं, कारण त्याची खरी लांबी उडाल्यावर तोंड उघडलं की होते, तेव्हा त्याला जागा नसते आणि प्रेशर वाढतं. घरात १२ आणि २० गेज दोन्ही असतील तर २० चं पिवळं काडतूस वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात ठेवा, ते १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून कुणी १२ चं घातलं आणि चाप ओढला की नळी फुटते. जुन्या फिक्स्ड फुल चोकच्या (तोंडाशी निमुळत्या) नळीतून स्टील शॉट, म्हणजे स्टीलचे छर्रे, मारू नका, आणि अमेरिकेत बदकांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून पूर्ण बंद आहेत, त्यामुळे या बंदुकीने बदक मारायचंच असेल तर बिस्मथचे (शिशाऐवजी वापरायचा धातू) छर्रे बघा. कॅलिफोर्नियात तर २०१९ च्या जुलैपासून कुठल्याही शिकारीला शिसं चालत नाही, .२२ सुद्धा बिनशिशाची लागते.

फोटो बघून पैसे पाठवणं ही आणखी एक. बंदूक हातात घ्या, उघडून दोन्ही चेंबर रिकामे आहेत ते स्वतः बघा, मग पुढचा लाकडी भाग काढायला सांगा. गंज तिथे खाली लपलेला असतो आणि दोन नळ्यांच्या मधल्या फटीत असतो, वरून नळी चकचकीत दिसते. पुढचा भाग काढलेला असतानाच बंदूक बंद करून नळी एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात धरून हलवा. बिजागरीला खुळखुळ जाणवली तर सोडून द्या किंवा आधी गनस्मिथला (बंदूक दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा. मग उघडून टॉर्चने .२२ च्या चेंबरची कडा बघा, रिकामी बंदूक वर्षानुवर्षं टकटक उडवलेली असेल तर फायरिंग पिनने (काडतुसावर आदळणाऱ्या पिनने) कडेला खळगा पाडलेला दिसतो, बारीकसा, नखाला लागतो. त्या खळग्यामुळे केस अडकतं. टेनाइटचा दस्ता असेल तर तो आक्रसलाय का, वाकडा झालाय का, स्क्रूभोवती चिरा आहेत का ते बघा, चांगल्या अवस्थेतला दुसरा मिळणं फार कठीण.

सिरियल नंबर नाही म्हणून घाबरून चांगली बंदूक सोडणारेही आहेत. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या आधी अशा लांब बंदुकांवर नंबर टाकायची सक्ती नव्हती, त्यामुळे जुन्या .२२-.४१० वर आणि सुरुवातीच्या २४ वर तो नसतो, हे कायदेशीर आहे. नंबर घासून काढलेला दिसला तर मात्र हात लावू नका, तो गुन्हा आहे. नळीची लांबी पण मोजा, कुणीतरी पूर्वी करवतीने कापलेली असेल आणि १८ इंचाच्या आत असेल तर ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टच्या भानगडीत जाते. मार्बलची जुनी गेम गेटर, .२२ वर आणि .४१० खाली, ती याच कायद्यात अडकली, नळ्या आखूड होत्या म्हणून.

दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेताय तर लायसन्सवाल्या डीलरमार्फतच, तिथे ४४७३ हा सरकारी फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीचा चेक होतो. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेल्या बंदुकीला यातून सूट आहे, पण तुमच्या राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात. आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, एच-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक घेणं-बाळगणं बंद आहे, थोडेच अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे व्हॅलिड हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राच्या नावावर घेऊन आपण वापरू असला विचारसुद्धा करू नका, त्याला स्ट्रॉ परचेस म्हणतात आणि त्यात दोघंही अडकतात.

घरी आणल्यावर लगेच पॉलिश-ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर नव्याने देणं) करायला देऊ नका. जुनी फिनिश गेली की कलेक्टरच्या लेखी किंमत पडते, आणि तुमच्या लेखीसुद्धा ती आठवणीतली बंदूक राहत नाही. तेलाचा हलका हात, मऊ कापड, एवढं पुरे. दस्ता आता तुम्हाला आखूड वाटेल, कारण तेव्हा हात छोटे होते. तो कापायचा-जोडायचा नाही, वर चढवायचं रबरी पॅड मिळतं, ते लावा, नको तेव्हा काढा.

आता उडवायला घेतल्यावर येणारे प्रॉब्लेम. शॉटगन उडते पण .२२ मिस होते, ही नेहमीची तक्रार. पहिलं काम, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. मग उघडून केसच्या कडेवर पिनचा ठसा बघा. ठसा बारीक आणि उथळ असेल तर बहुतेक आत जुनं तेल घट्ट होऊन बसलंय, नीट साफ केलं की निम्म्या बंदुका सुधारतात. साफ करूनही तेच, तर घोड्याची स्प्रिंग दमली असेल किंवा पिनचं टोक झिजलंय. या बंदुकीत पिना दोन असतात, म्हणून एक नळी ठणठणीत आणि दुसरी बंद असं होऊ शकतं. पिना अजून मिळतात, न्यूमरिकसारखे जुन्या पार्टवाले विकतात, पण मॉडेलचं अक्षर आणि बटणाची जागा कळवल्याशिवाय ऑर्डर करू नका, चुकीची येते. ठसा खोल आहे तरी उडत नाही तर आधी काडतुसाचा ब्रँड बदलून बघा, रिमफायरमध्ये (.२२ सारखी, कडेवर पिन आदळून उडणारी काडतुसं) हे चालतंच.

केस बाहेर येत नसेल तर चेंबरच्या कडेचा तो खळगा आठवा. गनस्मिथकडे त्याचं एक हत्यार असतं, खळगा दाबून परत सरळ करतो, छोटं काम आहे. घरी कानशीने घासू नका, चेंबरच बिघडतो. आणि पुढे सराव रिकाम्या बंदुकीने करायचा तर स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालूनच.

बटण ढिलं वाटतंय, मधेच अडकतंय, असं असेल तर ती बंदूक शिकारीला नेऊ नका. दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप घालून प्रत्येक पोझिशनला कुठली पिन पुढे येते ते दहा वेळा तपासा. खालची उडेल असं समजून चाप ओढला आणि वरची उडाली तर छर्रे काही शे यार्डांत पडतात, .२२ ची गोळी मैलभर जाऊ शकते.

नेम लागत नाही असं वाटलं तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. साइट फक्त रायफलसाठी ॲडजस्ट होते, ती २५ यार्डांवर कागदावर बसवा. मग त्याच साइटने २० यार्डांवर मोठ्या कागदावर शॉटगनचे तीन-चार बार मारा आणि छर्ऱ्यांचा मध्य कुठे पडतो ते पेनाने खूण करा. चार इंच खाली पडत असेल तर तेवढं वर धरायचं, बास. काडतूस बदललं की हा मध्य पण हलतो, त्यामुळे जे काडतूस शिकारीला नेणार तेच कागदावर मारा.