रिपोर्ट नॉर्मल असलेल्या पेशंटची पहिली मुलाखत

सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीत नव्याने आलेल्यांची खरी दमछाक होते ती जाडजूड फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या पेशंटपुढे. छातीत धडधडतं, पोटात दुखतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. 'मला मानसोपचाराकडे का पाठवलं?' हा त्याचा पहिला प्रश्न. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे त्याने आधीच ठिकठिकाणी ऐकलेलं असतं.

मी सुरुवातीला मनाचा विषय काढतच नाही. दुखतं कुठे, कधी वाढतं, वाढलं की काय करता, हे फिजिशियनच्या चिकाटीने विचारते. 'काल सकाळी उठल्यापासून सांगा' हा माझा आवडता प्रश्न. मग अंघोळ करताना आलेली चक्कर येते, पलंगावर बसून नाडी मोजणं येतं, कामाला मारलेली दांडी येते आणि घरच्यांचं वैतागणंही ओघात येतं. 'काही टेन्शन आहे का?' असं थेट विचारलंत तर 'नाही' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी 'या दुखण्यामुळे घरात काय काय बदललं?' असं विचारून बघा. शिवाय, हे कशामुळे होत असेल असं त्याला स्वतःला वाटतं, तेही विचारा. कॅन्सरची धास्ती बऱ्याचदा इथेच बाहेर पडते.

उदासी, आत्महत्येचे विचार, व्यसन, पूर्वीचा छळ हे विचारायचंच, पण थोडा विश्वास बसल्यावर.

तपासणीत काही सापडलं नाही, एवढ्यावर निदान होत नाही. डीएसएम-४ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) मध्ये सोमॅटायझेशन डिसऑर्डर, म्हणजे अनेक शारीरिक तक्रारींच्या रूपात दिसणारा मानसिक विकार, यासाठी लक्षणांचा पुरेसा वैद्यकीय खुलासा नसणं आवश्यक होतं. 2013 च्या डीएसएम-५ ने ती अट काढली. त्याच्या जागी आलेल्या सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डरमध्ये लक्षणांभोवतीची काळजी, विचार आणि त्यात जाणारा वेळ बघतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यालाही हे निदान लागू शकतं. फंक्शनल अशक्तपणात (मज्जासंस्थेला इजा नसताना, तिच्या कामातल्या बिघाडामुळे येणाऱ्या) तर हूव्हरची खूण सकारात्मक पुरावा देते: अशक्त पाय खाली दाबायला सांगितला तर जोर लागत नाही, पण दुसरा पाय विरोधात उचलायला लावला की तोच पाय खाली दाबला जातो. हे पेशंटला दाखवावं; नस शाबूत आहे, हे त्याला स्वतःला दिसतं. पेशंटच्या स्वतःच्या लक्षणांबद्दलच्या बेफिकिरीवर परीक्षेत परीक्षक अजूनही प्रश्न विचारतात, पण निदानाला ती फारशी उपयोगाची नाही.

वजन घटणं, ताप असं नवं काही आलं तर पुन्हा तपासायला पाठवा. आणि पुढची तारीख आजच द्या, त्रास वाढो वा न वाढो. 'त्रास झाला तर या' म्हटलं, की भेटीसाठी त्रास व्हावाच लागतो.